दादाचं नाक

मीरा आणि केदार,

गेल्या महिन्यात केदार बर्फावर घसरून डोक्यावर पडला, तेव्हा तुमच्या आईने तिथल्या डॉक्टरांनी दिलेली चार पानं मला फोनवर पाठवली. मी ती खालच्या दुकानातून कागदावर काढून आणली आणि पेन्सिल घेऊन बसले. आयुष्यभर मुलांचे पेपर तपासल्यामुळे मला पेन्सिलीशिवाय काही वाचता येत नाही. आवाज सहन होणार नाही. उजेड नको वाटेल. चिडचिड होईल. ओळखीचे शब्द सापडणार नाहीत. काही जणांची वास घेण्याची शक्ती जाते आणि त्याबरोबर चवही जाते. त्या शेवटच्या ओळीखाली मी रेघ ओढली आणि मग मला पुढचं वाचता येईना. दोन दिवसांनी आपण व्हिडिओवर बोलत होतो. मीरा, तू अचानक म्हणालीस, "मीच पडायला पाहिजे होतं. मग सगळे माझ्या खोलीत येऊन बसले असते." तुझी आई तुझ्यावर ओरडली. मी गप्प राहिले, आणि तुला वाटलं असेल की आज्जीसुद्धा रागावली. तसं नव्हतं. हेच वाक्य मी सोळाव्या वर्षी उचगावच्या घरात मनातल्या मनात म्हटलं होतं, आणि तू जितक्या रागाने म्हणालीस त्याहून जास्त रागाने.

केदार आता बरा आहे, म्हणून हे लिहायला हरकत नाही. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवूनही मी हे मराठीत लिहिते आहे, कारण यातल्या माणसांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांची वाक्यं इंग्रजीत घातली की ती दुसऱ्याच कुणाची होतात. एखादा शब्द अडला तर आईला विचारा, फोनला विचारू नका.

आमचं घर कोल्हापूरच्या कडेला, उचगावात. थोडी शेती आणि पाच म्हशी. माझे वडील, म्हणजे आबा, सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून शहरातल्या ठरलेल्या घरांत दूध घालायचे. घरात आई, आबा, मी आणि माझ्याहून सात वर्षांनी मोठा विलासदादा. दादा मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाला आणि सैन्यात गेला. जाण्याआधी त्याने एक गोष्ट मनावर घेतली होती, ती म्हणजे माझं इंग्रजी. शहरातून जुनं वाचनाचं पुस्तक आणून तो मला गोठ्याच्या या टोकाला उभं करायचा, स्वतः त्या टोकाला धार काढत बसायचा आणि म्हणायचा, "मोठ्यानं वाच शके. मोरीला ऐकू गेलं पायजे." मोरी ही सगळ्यांत पलीकडची म्हैस. माझ्या उच्चारातलं चूक-बरोबर त्याला काही कळत नव्हतं, पण आवाज पडला की धार थांबवून तो मान वर करायचा. मला मोठ्याने वाचल्याशिवाय पाठ होत नाही, ही सवय त्याने लावलेली.

आमच्या घरी एक रीत होती. धार काढून झाली की दूध चरवीतून कॅनमध्ये ओतायच्या आधी रिकाम्या कॅनचा वास घ्यायचा. माझ्या आजोबांपासूनचा नियम. कॅन कितीही लख्ख घासलेला असला तरी नाक आत घालून, एक दमदार श्वास घेऊन, घरातल्या एकाने मोठ्याने म्हणायचं, "चोख." तो शब्द कानावर पडल्याशिवाय थेंबभर दूध आत जायचं नाही. वास घेणाऱ्याने त्या सकाळी कंदिलाला हात लावायचा नाही, कारण बोटांना रॉकेल लागलं की नाकाला दुसरं काही कळत नाही. आबांच्या हातात कंदील असायचा, म्हणून वास घ्यायचं काम दादाकडे आलं. गल्लीत त्याचं कौतुक होतं. कॅनमध्ये कालच्या दुधाचा थेंब राहिला असेल तरी विलासला कळतं, असं लोक म्हणायचे. तो सैन्यात गेल्यावर आबा हात राखेने धुऊन स्वतः वास घ्यायचे. मी दोनदा मागितलं. आबा म्हणाले, "तू पुस्तकाचा वास घे."

बांगलादेश झाला त्या लढाईत दादाच्या शेजारी तोफेचा गोळा फुटला. तो फेकला गेला, दोन दिवस बेशुद्ध होता आणि मग कित्येक महिने दवाखान्यात. घरी पाठवताना बरोबर एक इंग्रजी कागद दिला होता. तो वाचायचा मान माझा. सगळी गल्ली अंगणात जमली होती आणि मी घसा साफ करून उभी राहिले. कागदावर दोन ओळी होत्या. डोक्याला मार, विश्रांती द्यावी. लोकांना वाटलं, मला पुढचं येत नाही. पुढे काहीच नव्हतं. केदारला चार पानं मिळाली आणि माझ्या भावाला दोन ओळी, याचा मला परवा, या वयात, फार राग आला.

तो आला तेव्हा त्याच्या अंगावर उजव्या कानामागच्या एका बोटभर व्रणाशिवाय काही नव्हतं. हात-पाय धड, मिशी तशीच. लोक म्हणाले, देवाची कृपा. तो सरळ गोठ्यात गेला आणि पाचही म्हशींना नावाने हाका मारल्या. मोरी, चांदी, राणी, सगळ्या. मग वळून माझ्यासमोर आला, हसला, तोंड उघडलं आणि थांबला. माझं नाव त्याला सापडेना. "अगं हे... ही आपली..." असं म्हणत तो आईकडे बघायला लागला. आई म्हणाली, "शकू की रं." तो म्हणाला, "हां, शकू." तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला त्याची कीव यायला हवी होती. मला आली नाही. मला म्हशींचा हेवा वाटला.

मग घर त्याच्या भोवती फिरायला लागलं. खिडकीजवळची माझी अभ्यासाची जागा त्याच्या बिछान्याला गेली आणि मी धान्याच्या कणगीमागे गेले. उजेड लागायला नको म्हणून खिडकीवर पोतं टांगलं. भांड्यावर भांडं आपटलं तरी तो दोन्ही हातांनी डोकं धरायचा, म्हणून आई चटणी कुटायला शेजारी जायची आणि ताटल्या घासताना मध्ये फडकं ठेवायची. म्हशींच्या गळ्यातल्या घंटांच्या लोलकांना आबांनी चिंध्या बांधल्या. मुक्या घंटा घेऊन म्हशी रस्त्यावरून जायच्या तेव्हा लोक हसायचे. आणि माझं मोठ्याने वाचणं बंद झालं. पहिल्याच दिवशी मी पुस्तक उघडून दोन वाक्यं वाचली, तर आतून तांब्या भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. आई धावत बाहेर आली. "गप की गं! त्येच्या डोक्यात घण पडाय लागलेत, आनि तुझं इंग्रजी!" ते माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. ज्याने मला मोठ्याने वाचायला शिकवलं त्याच्यासाठी मला ओठ मिटून वाचावं लागत होतं आणि एकही ओळ डोक्यात राहत नव्हती.

सायीचंही सांगायला हवं. हसू नका. सकाळच्या दुधावरची साय साखर घालून वाटीत मिळायची ती माझी होती. तो आला त्या दिवसापासून ती वाटी त्याच्याकडे गेली. ती गेली याचं मला एवढं वाईट वाटलं नसतं, पण त्याला तिची चव कळतच नव्हती. त्याला कशाचीच चव कळत नव्हती. आईने त्याच्यासाठी सुकं मटण केलं, तो म्हणाला, "गवत हाय." दुसऱ्या दिवशी तिखट वाढवलं, तिसऱ्या दिवशी मसाला नव्याने भाजला, कांदा-खोबरं जास्त घातलं. तो म्हणायचा, "आई, गवत." आमच्या जिभेला फोड यायचे आणि आई पदराने डोळे पुसत म्हणायची, "माझ्या हाताची चवच गेली बगा." मी तिच्या हातचं सोळा वर्षं खात होते. माझ्यासाठी तिने एकदाही मसाला दुसऱ्यांदा भाजला नव्हता.

एका दुपारी मी शाळेतून आले तर रस्त्यापर्यंत करपल्याचा वास. आत चुलीवर आमटी जळून कोळसा झालेली, आणि दादा चुलीपासून दोन हातांवर पाट टाकून शांत बसलेला. मी पातेलं उतरवलं. तो म्हणाला, "काय झालं?" त्याच्या चेहऱ्याकडे बघताना माझ्या मनात काहीतरी जुळलं. मी स्वभावाने व्यवस्थित, खात्री केल्याशिवाय काही मानायची नाही. ट्रंकेतल्या कपड्यांतून एक डांबरगोळी काढली आणि त्याच्या उशीच्या अभ्र्यात घातली. त्या वासाने माणूस शिंकून उठेल. तो रात्रभर झोपला, सकाळी उठला, उशी नीट करून ठेवली. तीन दिवसांनी मी गोळी काढून घेतली. म्हणजे कळलं. आणि तरी ते काम आबांकडून परत स्वतःकडे घेऊन रोज पहाटे तो कॅनमध्ये नाक घालत होता, एक दमदार श्वास घेत होता आणि मोठ्याने म्हणत होता, "चोख."

मी हे कुणालाच सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर तिचं रडणं त्याच दिवशी थांबलं असतं. आता लिहिताना कारण शोधायला गेलं तर ते एकच आहे. घरात जे काही होतं ते त्याचं झालं होतं आणि ही एक गोष्ट फक्त माझी होती. कणगीमागे बसून मी ती मनात उलटसुलट करून बघायचे, जशी एखादी मुलगी लपवलेली बांगडी काढून बघते.

थंडी पडू लागली होती. आमचा रॉकेलचा डबा गळायला लागला आणि आईने मला रेशनच्या दुकानात पिटाळलं. "कशात आणू?" म्हटलं, तर ती दादाला चहा देत होती. "आण की कशातबी," म्हणाली. गोठ्याच्या मागे एक लहान अल्युमिनियमचा कॅन पालथा पडलेला होता. मला वाटलं टाकलेला आहे. त्यातून मी रॉकेल आणलं, बाटल्यांत ओतलं, कॅन राखेने आणि सोड्याने तीनदा घासला आणि परत होता तसा पालथा घातला. तो टाकलेला नव्हता. जास्तीची मागणी आली की वापरायचा तो कॅन होता.

जास्तीची मागणी चारच दिवसांनी आली. शहरात मगदूम काकू म्हणून आमचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक होतं. जैन घर, अतिशय चोखंदळ. त्यांच्या नातीचं बारसं होतं आणि बासुंदीला दहा लिटर दूध जास्त पाहिजे होतं. पहाटे आबांनी तो लहान कॅन घेऊन दादापुढे धरला. दादाने नाक आत घातलं. मी शेजारी चरवी घेऊन उभी होते आणि मला तिथूनच वास आला. दुधाच्या घरात जन्मलेल्या माणसाला कळणारच, इतका स्पष्ट. दादा म्हणाला, "चोख." आबांच्या हातात कंदील, त्यांच्या बोटांनाच रॉकेल, त्यांना काही कळलं नाही. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. इतक्यात आई सायीची वाटी घेऊन आली, मला कोपराने बाजूला सारलं आणि म्हणाली, "वाट सोड गं. बाळा, हे खा आदी, थंडी लई हाय."

मी तोंड मिटलं. आबांनी दूध ओतलं. खाऊ दे साय, असं मी मनात म्हटलं. आज कळेल सगळ्यांना.

दुपारी बाराच्या सुमाराला दारात टांगा थांबला. मगदूम काकू स्वतः आल्या होत्या, बारशाचं जरीचं लुगडं नेसून, मांडीवर पितळी पातेलं. खाली उतरल्या ते बोलतच. "आबा, अहो आबा! वीस वर्षं दूध घेतोय तुमच्याकडनं. काय दिलंसा हे? तासभर आटवलं, दाटसर झालं, नि वाफ आली ती रॉकेलची! घरात चाळीस पावणं बसल्यात. पोरीचं नाव ठेवू का बासुंदीला काडी लावू?" टांगेवाला हसला, तर त्याच्यावर डाफरल्या, "हसतोस काय? तुलाच वाढते."

आबांनी हात धुतले, पातेल्यावर वाकले आणि बराच वेळ सरळच झाले नाहीत. मग दादाकडे वळले. "तू वास घेतलास न्हवं?"

"घेतला."

"मग?"

"चोख हुता."

"चोख? ह्यो चोख?" आबांनी पातेलं त्याच्या नाकाखाली धरलं. दादाने श्वास घेतला. त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी कधी विसरले नाही. तो अंदाज बांधत होता. आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघून आपण आता काय म्हणायला पाहिजे हे शोधत होता. ते सापडेना तेव्हा त्याने पातेल्याला लाथ मारली. बासुंदी अंगणभर झाली, पातेलं गडगडत गेलं आणि त्या आवाजाने तो स्वतःच कान धरून खाली बसला. आबांनी हात उगारला. आई मध्ये गेली. "डोक्यावर नगं वो! डोक्यावर नगं!"

दोन दिवसांत गल्लीने निकाल दिला. विलासने मुद्दाम केलं, त्याचं डोकं फिरलंय. सात घरांनी दूध बंद केलं. तिसऱ्या दिवशी चंदगडहून मामा आला, पिशवीत काजू घेऊन. मामा मनाने वाईट नव्हता. माजघरात बसून म्हणाला, "भावजी, माझ्याकडं धाडा ह्येला. आमच्याकडं डोंगर नि पाऊस. कोण येत न्हाय, कोण जात न्हाय. काजूच्या बागेत खोपी हाय, ऱ्हाईल तिथं. आनि न्हाय जमलं तर मग वेड्यांचं इस्पितळ हायच की." आबा काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे होकार. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने जायचं ठरलं.

दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. सगळं ऐकत होता. दिवेलागणीच्या वेळी आई त्याची वळकटी बांधायला बसली. मी दारात उभी होते. माझी खिडकी मला परत मिळणार होती. घंटांच्या चिंध्या सुटणार होत्या. मला फक्त काही न बोलता उद्या सकाळपर्यंत उभं राहायचं होतं. आईने मान वर न करता, गाठ मारता मारता म्हटलं, "उद्यापासनं वाच की मोठ्यानं. किती वाचायचं तेवढं वाच." त्यात टोमणा नव्हता. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. इतके महिने मला हवं होतं ते तिने एखादी रिकामी वाटी सरकवावी तसं माझ्याकडे सरकवलं, आणि मला ते हातात घेता येईना.

मी स्वयंपाकघरात गेले आणि तीन वाट्या घेतल्या. एकीत रॉकेल, एकीत हिंगाचं पाणी, एकीत साधं पाणी. त्या ताटात मांडून माजघरात आणल्या. मामा म्हणाला, "ह्ये काय, हळदी-कुंकू हाय व्हय?" मी दादासमोर बसले आणि म्हटलं, "दादा, डोळे मिट." तो उठून बसला. माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं, आणि त्याने मानेने मला नको म्हटलं, अगदी थोडं, इतरांना दिसू नये असं. मी ऐकलं नाही. मी म्हटलं, "मिट. एकीत रॉकेल, एकीत हिंग, एकीत पाणी. कशात काय ते सांग."

मी रॉकेलची वाटी त्याच्या नाकाखाली धरली. मामाने लांबूनच नाक मुरडलं. दादा म्हणाला, "हिंग." मी पाण्याची वाटी धरली. तो थांबला आणि म्हणाला, "रॉकेल." मामा हसला आणि हसू अर्ध्यात राहिलं. हिंगाची वाटी मी धरलीच नाही. मी आबांना म्हटलं, "त्याला वास येतच न्हाय. आल्यापासनं न्हाय. म्हणून चव न्हाय. आईच्या हातात काय झालं न्हाय." पुढचं एका दमात म्हटलं, नाहीतर म्हणता आलं नसतं. "आनि कॅन मी रॉकेलला नेलता. त्या दिवशी मला वास आलता. मी बोलले न्हाय."

आबांनी माझ्या थोबाडीत दिली. एकच. आयुष्यात तेवढीच एक. पण माझं लक्ष आईकडे होतं. वळकटी सोडून ती माझ्याकडे बघत होती. कामात असताना बघतात तसं ओझरतं नाही, पूर्ण, माझ्या डोळ्यांत. कितीतरी महिन्यांनी तिने माझ्याकडे तसं बघितलं होतं, आणि ते या कारणासाठी. मला वाटतं, मी त्या दिवशी मोठी झाले, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

दादा चिडला नाही. फार हळू म्हणाला, "एवढं एकच काम ऱ्हायलंतं मला, शके."

त्याला माझं नाव न अडखळता सापडलं होतं. मला त्याचा आनंद झाला, आणि अशा वेळी आनंद झाल्याची लाजही वाटली.

मामा सकाळी एकटा गेला. मगदूम काकूंकडे आबा मला घेऊन गेले आणि मी त्यांच्या दारात उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "इंग्रजी शिकतीस न्हवं? मग तोंड कशापायी दिलंय देवानं?" दूध परत चालू केलं, पण महिनाभर आमच्यासमोर पातेल्यात नाक घालून मगच आत न्यायच्या. दादा माझ्याशी बोलत नव्हता. आबा हात धुऊन वास घ्यायचे आणि "चोख" म्हणताना खाली बघायचे. दादा गोठ्यात नुसता उभा असायचा, रिकाम्या हातांनी.

असे दोन आठवडे गेले असतील. एका पहाटे मी चरवी घेऊन उभी असताना दादाने आबांच्या हातातून कॅन घेतला आणि माझ्या नाकाखाली आणला. माझ्याकडे बघितलं नाही, रस्त्याकडे बघत होता. मी वास घेतला. बोलले असते तर ते काम माझं झालं असतं, आणि मी ते काम लहानपणापासून मागत होते. मी दोन बोटांनी कॅनच्या कडेवर दोनदा टकटक केलं, त्याच्या कानांना सोसेल इतकं हळू. दादाने कॅन स्वतःच्या तोंडाशी नेला, एक दमदार श्वास घेतला आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "चोख." आबा कंदिलाची वात खालीवर करत राहिले. त्यांना सगळं दिसलं होतं आणि त्यांनी काही बघितलं नाही.

माझं लग्न होईपर्यंत आम्ही रोज असंच केलं. एक टकटक म्हणजे नाही, दोन म्हणजे चोख. गल्लीत पुन्हा दादाच्या नाकाचं कौतुक सुरू झालं. आणि मला खरं सांगायचं आहे, म्हणून सांगते, की ते ऐकताना मला दर वेळी थोडं झोंबायचं. नाक माझं होतं.

आईने मसाले भाजायचं थांबवलं. चव नाही तर नाही, दाताखाली वाजतं ते त्याला आवडतं, हे तिने शोधून काढलं आणि त्याच्यासाठी डबे भरभरून भडंग करू लागली. साय परत माझ्याकडे आली नाही. त्याला कळत नाही हे माहीत झाल्यावरही ती वाटी त्याच्याकडेच जायची. एकदा मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "त्येला कळत न्हाय. मला कळतंय की."

मॅट्रिकचा अभ्यास मी गोठ्यात केला, मोरीच्या टोकाला नाही तर दादाच्या शेजारी बसून, पुटपुटल्यासारखा. तेवढा आवाज त्याला चालायचा. मध्येच तो म्हणायचा, "पुन्यांदा वाच," आणि मला कधीच कळलं नाही की त्याला आवडलं म्हणून की तो विसरला म्हणून. मी इंग्रजीत पास झाले, कॉलेजला गेले, शिक्षिका झाले. मागच्या बाकावरच्या मुली नेहमी तक्रार करायच्या की बाईंचा आवाज पोहोचत नाही. त्यांना कारण कसं सांगणार?

दादा पुढे कधी पूर्ण बरा झाला नाही. त्याचं लग्न झालं नाही. काही दिवस चांगले जायचे, काही दिवस तांब्या भिंतीवर जायचा. शेवटच्या आजारात आई दोन महिने माझ्याकडे, माझ्या या घरात होती. मी रजा काढून तिचं सगळं केलं. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "विलास जेवला काय?" मी म्हटलं, जेवला. मीरा, तेव्हा मी पन्नाशीला आले होते, आणि तरीही हेवा वाटायचा तो वाटलाच. तुला मी हेवा करू नकोस असं सांगणार नाही. मला ते जमलं नाही. फक्त तुझ्या भावाबद्दल तुला काही कळलं, आणि दुसऱ्या कुणाला कळलं नसलं, तर ते त्याच दिवशी आईला सांग.

आई नाही, आबा नाहीत, दादाही आठ वर्षांपूर्वी गेला. गोठ्याच्या जागी आता गाड्या धुण्याचं केंद्र आहे. तो लहान कॅन पुन्हा कुणी वापरू नये म्हणून आबांनी त्याच्या तळाला खिळ्याने भोक पाडलं होतं. आईने त्यात माती घालून कढीपत्ता लावला. तो कॅन माझ्या गच्चीत आहे. कढीपत्ता तिसऱ्यांदा नव्याने लावलेला आहे. दुपारी ऊन तापलं की कॅनला अजून रॉकेलचा वास येतो. तुमच्या आजोबांना येत नाही, कामाच्या बाईला येत नाही, मला येतो. कडेवर दोन बोटांनी वाजवलं तर आवाज अजून चांगला येतो. माझ्यानंतर तो तुमच्यापैकी एकाकडे जाईल. कॅन एकच आहे.